न मोजलेल्या बाजू

शिबल्याच्या रस्त्याकडेला ते दगड पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या खिशात मोजपट्टी होती. ती मी बाहेर काढली नाही. पुढं जी फजिती झाली तिचं मूळ तिथंच आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

२०२१ चा पावसाळा तोंडावर होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर माणसं नुकतीच घराबाहेर पडायला लागली होती. झरी-जामणी तालुक्यात शिबला-पारडीकडं रस्त्याचं काम चालू होतं. तिथं माती ओढता ओढता खालून दगडी खांब निघाले, ही बातमी पांढरकवड्यात पोचायला वेळ लागला नाही. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. बत्तीस वर्षं विज्ञान-भूगोल शिकवलेल्या माणसाला अशी बातमी ऐकून घरी बसवत नाही. शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर मागं बसलो आणि गेलो.

खांबच होते. नव्या पेन्सिलींचा गठ्ठा बांधावा तसे एकाला एक चिकटून, कोनदार, काळपट राखाडी. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं. कोणी म्हणे जुनं देऊळ, कोणी म्हणे वाडा. एका खांबाला तोवर हळदकुंकूही लागलं होतं. मला ओळखणारा एक जण पुढं झाला, "गुरुजी, राजाचा महाल असन का जी हा?"

मी घसा साफ केला. हे माणसानं घडवलेलं नाही, ही लाव्हारसाची करणी आहे, असं सांगितलं. इथपर्यंत मी बरोबर होतो. पण गोष्ट तिथं थांबली नाही. गर्दीत दगडफोडीत आयुष्य गेलेला एक म्हातारा होता. तो खांबाच्या अंगावरून हात फिरवत म्हणाला, "मंग ह्या आडव्या रेघा कायच्या जी? टाकीच्या दिसून रायल्या." मी न बघताच म्हणालो, "त्या पावसापाण्यानं झाल्या." आणि कुणीतरी विचारलं, "पण सहा कोनं कसे पडले?" त्यावर मी जे सांगितलं, तेच रात्री घरी येऊन भलंमोठं लिहून काढलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चार गटांत टाकलं.

थोडक्यात ते असं होतं : लाव्हारसात सिलिका असते, सिलिकेचा स्फटिक म्हणजे गारगोटी, गारगोटीच्या स्फटिकाला सहा बाजू असतात, म्हणून शिबल्याचे खांब म्हणजे निसर्गानं सावकाश वाढवलेले राक्षसी स्फटिक होत. शेवटी 'अणूमध्ये जे दडलेलं असतं तेच डोंगरात प्रकट होतं' असं एक वाक्यही मी घातलं होतं. ते लोकांना फार आवडलं. मलाही.

पाठोपाठ वर्तमानपत्रांत आलं की चंद्रपूरचे भूगर्भ व पर्यावरण अभ्यासक प्रा. सुरेश चोपणे यांनी या दगडांची ओळख 'कॉलमनार बेसाल्ट', म्हणजे स्तंभाकार बेसाल्ट, अशी पटवली आहे आणि ते सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेले आहेत. मी कात्रण कापून ठेवलं. लाव्हा म्हणालो होतो, लाव्हाच निघाला. बाकीच्या विधानांनाही त्या कात्रणाचा शिक्का बसला, असं मीच परस्पर धरून चाललो.

तीनेक दिवसांनी फोन आला. माझाच जुना विद्यार्थी. आता बोअरच्या कामावर असतो, भूगर्भशास्त्र शिकलेला.

"सर, तुमचा मेसेज वाचला. एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार ना."

"बाजू मोजल्या का?"

"सहा आहेत."

"सगळ्यांना?"

मी गप्प. तो बिचारा फार हळू बोलत होता, सरांना दुखवायचं नाही म्हणून. मग म्हणाला, "आणि सर, बेसाल्टमध्ये गारगोटी कुठून आली?"

हा दुसरा प्रश्न जास्त लागला, कारण त्याचं उत्तर मीच त्याला नववीत शिकवलं होतं.

तेव्हा मी वर्गात भिजवलेले हरभरे आणि खराट्याच्या काड्या घेऊन जायचो. मधे एक हरभरा, तो सिलिकॉन. त्याला चार काड्या, प्रत्येकीच्या टोकाला एक हरभरा, ते ऑक्सिजन. तीन पाय टेकून एक डोकं वर काढलेली ही चौफलकी पृथ्वीच्या कवचातल्या बहुतेक खडकांची वीट आहे. सगळी गंमत या विटा एकमेकींना कशा धरतात त्यात आहे. ऑलिव्हिनमध्ये त्या सुट्या असतात. कोणी कोणाचा हात धरत नाही, मधल्या जागेत लोह आणि मॅग्नेशियम बसून त्यांना बांधून ठेवतात. पायरॉक्सिनमध्ये प्रत्येक वीट दोन शेजारणींबरोबर एकेक ऑक्सिजन वाटून घेते आणि लांब साखळी होते. अ‍ॅम्फिबोलमध्ये अशा दोन साखळ्या जोडून शिडीसारखी पट्टी होते. अभ्रकात विटांची चादर होते, म्हणून तर अभ्रकाचे नखानं पापुद्रे निघतात. आणि गारगोटीत चारही हात चहूकडं गुंतलेले असतात. सुटा ऑक्सिजन उरतच नाही. फेल्स्पारचीही अशीच जाळी, फक्त काही विटांत सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम आणि पोकळीत सोडियम, कॅल्शियम किंवा पोटॅशियम.

पोरं हरभरे खाऊन टाकायची, साखळी पूर्ण व्हायच्या आत. पण हा पोरगा लक्ष देऊन होता असं दिसतं.

बेसाल्टच्या वितळलेल्या रसात सिलिका साधारण निम्मी, उरलेल्यात लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम. रस निवायला लागला की ही सगळी मंडळी सिलिकेवर हक्क सांगतात. पायरॉक्सिनला हवी, फेल्स्पारला हवी. पंगत उठेपर्यंत भाताचं पातेलं रिकामं होतं; स्वतंत्र गारगोटी करायला शिल्लक राहते ती नावापुरती. ग्रॅनाइटमध्ये सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून तिथं सगळ्यांचं जेवून उरते आणि त्या उरलेल्याची गारगोटी होते. कोणत्या क्रमानं काय गोठतं याचा पाया नॉर्मन बोवेन या कॅनडात जन्मलेल्या शास्त्रज्ञानं वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत भट्ट्या पेटवून घातला; त्याचं पुस्तक १९२८ चं. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. शिबल्याला उभं राहिल्यावर त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. सहा बाजू दिसल्या आणि डोक्यातल्या दुसऱ्या एका षटकोनानं उडी मारली, एवढंच झालं.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी मोजपट्टी, कोनमापक आणि वही घेऊन, आणि कुणी नसेल अशा वेळी, सकाळी. पाच बाजूंचे खांब होते. सहाचे होते. एक सातचा निघाला. सहा बाजूंचे होते त्यांच्याही बाजू सारख्या नव्हत्या, एक वीतभर तर तिच्या शेजारची चार बोटं. स्फटिक असा वागत नाही. गारगोटीचा खडा मोठा असो वा तांदळाएवढा, तिच्या उभ्या बाजूंमधला कोन तोच येतो. ही गोष्ट निकोलस स्टेनोनं १६६९ मध्येच लिहून ठेवली. माझ्या वहीत प्रत्येक कोनाला वेगळा आकडा होता. दहाव्या खांबापर्यंत माझा सिद्धांत मेला होता.

आणि रेघा. म्हाताऱ्यानं दाखवलेल्या आडव्या रेघा खरोखरच होत्या, खांबाच्या अंगावर एकाखाली एक, पट्ट्या मारल्यासारख्या. पावसापाण्यानं त्या झालेल्या नव्हत्या, हे पाच मिनिटं टक लावून पाहिलं असतं तर मलाही कळलं असतं. त्या माणसाचा हात दगडावर होता आणि माझा खिशात.

मग हा प्रकार काय आहे? उत्तर मला पुस्तकात सापडलं खरं, पण ते वाचताना जी शरम वाटली तिचं कारण वेगळं. मी शेतकऱ्याचा पोरगा. मे महिन्यात पऱ्हाटी उपटून झालेल्या काळ्या रानातून अनवाणी चाललेला. भारी जमीन उन्हानं तडकते, भेगांत अख्खी काठी जाते, बैलाचा खूर अडकेल म्हणून बाप ओरडायचा. वरून पाहिलं तर सगळं रान पाच-सहा बाजूंच्या तुकड्यांत वाटलेलं. त्या तुकड्यांवरून उड्या मारत मी शाळेत गेलो. त्यांना सहा बाजू आहेत म्हणून काळी माती हा स्फटिक आहे, असं मला कधी वाटलं नव्हतं.

लाव्ह्याचं तसंच होतं. जाड थर वरून हवेनं आणि खालून जमिनीनं निवत जातो. निवताना आक्रसतो, पण आडवं सरकायला जागा नसते. ताण वाढतो आणि पृष्ठभाग तडकतो. कमीत कमी भेगांत जास्तीत जास्त ताण मोकळा करायचा तर तीन भेगा एका बिंदूत भेटणं सोयीचं, एकशेवीस अंशांच्या जवळपास. अशा भेगांनी वेढलेला तुकडा बहुधा सहा बाजूंचा होतो, कधी पाचाचा, कधी सातचा. गारवा जसा आत उतरतो तशी भेगही उतरते, पण सलग नाही. थोडी फाटते, थांबते, आतला भाग आणखी निवला की पुन्हा थोडी. प्रत्येक उडीची एक आडवी पट्टी राहते. म्हाताऱ्याच्या टाकीच्या खुणा त्या ह्याच. दगड सावकाश निवला तर खांब जाड होतात, भराभर निवला तर बारीक. लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये आइसलँडचा बेसाल्ट तापवून, दोन्ही टोकांनी घट्ट धरून निववला, तेव्हा तो ८४० ते ८९० अंश सेल्सिअसला तडकला. म्हणजे खडक पूर्ण गोठून झाल्यावर, तरीही लालबुंद असताना. स्फटिक तोवर आपापल्या जागी, आपापल्या सूक्ष्म आकारात बसून झालेले होते. खांबांच्या आकाराशी त्यांचा काही संबंध नव्हता.

माझी चूक नवी नव्हती, एवढंच समाधान. अठराव्या शतकात युरोपात मोठमोठे लोक हे खांब म्हणजे समुद्राच्या पाण्यातून साकळलेला खडक, स्फटिकासारखा, असं मानत. जर्मनीत फ्रायबर्गला शिकवणारा वर्नर तर बेसाल्ट पाण्यातूनच तयार होतो यावर अडून बसला होता. निकोला देमारे नावाच्या फ्रेंच माणसानं १७६३ मध्ये ओव्हेर्न्यच्या डोंगरात असे खांब पाहिले आणि तो थर पायी चालत शोधत गेला, तो थेट जुन्या ज्वालामुखीशी जाऊन पोचला. देमारे चालला, वर्नर खुर्चीत बसून राहिला, असं म्हणणं थोडं अन्यायाचं होईल. पण मी कोणाच्या पंगतीला बसलो होतो ते स्पष्ट आहे. आणि वर्नरला निदान पावणेतीनशे वर्षांपूर्वी जन्मल्याची सवलत तरी होती. मुंबईकरांना तर देमारेइतकंही चालावं लागत नाही. अंधेरीत गिल्बर्ट हिल नावाचा दोनशे फुटी सुळका अशाच खांबांचा आहे, इमारतींच्या गर्दीत उभा, माथ्यावर गावदेवी. लेकाकडं जाताना मी तो दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा देवीचं दर्शन घेतलं.

एकदा खणायला लागल्यावर जुन्याही गोष्टी निघाल्या. शाळेच्या कपाटात मी खडकांचे नमुने लावले होते. 'ग्रॅनाइट' अशी चिठ्ठी असलेला तुकडा कुठला, तर आमच्या घरच्या किचन ओट्याचा उरलेला. काळाभोर, चकाकता. दुकानदार त्याला ब्लॅक ग्रॅनाइट म्हणाला, मी चिठ्ठीवर ग्रॅनाइट लिहिलं. दुकानात पॉलिश घेणाऱ्या कुठल्याही टणक दगडाला ग्रॅनाइट म्हणतात. काळा असतो तो बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे बेसाल्टचाच भाऊ. रस तोच, पण तो जमिनीवर सांडला नाही, खालीच अडकला आणि हळूहळू निवला म्हणून त्याचे कण मोठे झाले. 'एकाच रसाचे दोन खडक, फरक फक्त निवण्याच्या वेगाचा' हे शिकवायला याहून सुंदर नमुना मिळाला नसता. मी मात्र वर्षानुवर्षं त्याच्याकडं बोट दाखवून पोरांना सांगत आलो की ग्रॅनाइट आणि बेसाल्ट अगदी वेगळे.

'आम्लधर्मी खडक' या शब्दाबद्दल तर बोलूच नये. एका पोरानं ग्रॅनाइटची पूड करून त्यावर ओला लिटमस धरला, तो काही लाल होईना. मी म्हणालो, "कागद जुना असेल." सिलिका म्हणजे खडकातलं आम्ल, अशी एकोणिसाव्या शतकातली समजूत होती, ती गेली आणि शब्द राहिला. त्याचा आंबटपणाशी काही संबंध नाही. लिटमस बरोबर होता.

विद्यार्थ्यानं नंतर एक प्रयोग सुचवला. गेरहार्ड म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञानं १९९८ मध्ये मक्याच्या पिठाचे खांब केले होते. तेवढंच पाणी घालून पीठ कालवायचं, भांड्यात ओतायचं, वर दिवा लावून वाळू द्यायचं. तिथं उष्णता जाते, इथं पाणी जातं, आक्रसणं तेच. मी कॉर्नफ्लॉवरचं पाकीट आणलं, पाण्यात कालवलं आणि गुठळ्या मोडाव्यात म्हणून गॅसवर ठेवलं.

"अहो, खीर करता का?" बायकोनं विचारलं.

खीरच झाली. शिजलेलं पीठ चिकट होतं, त्याचे खांब होत नाहीत. दुसऱ्या वेळी ताटात पातळ थर ओतून गच्चीवर ठेवला, पापड झाला. तिसऱ्या वेळी स्टीलच्या पेल्यात बोटभर उंच, न शिजवता, वर साठ वॅटचा दिवा. आठवडाभरात वरचा भाग मोठ्या भेगांनी चार-पाच ठिकाणी फाटला. मला वाटलं, हेही गेलं. पण पेला उलटा करून वडी हातानं मोडली आणि आत बघतो तर काडेपेटीतल्या काड्यांसारखे खांब, खालपर्यंत, एकाला एक चिकटून. भिंगातून बाजू मोजल्या. या वेळी आधी मोजल्या, मग बोललो.

दुरुस्तीचा मेसेज मी टाकला होता, फोन आला त्याच आठवड्यात. तीन जणांनी अंगठा दाखवला. पहिला मेसेज मात्र अजून फिरतोय. मागच्या वर्षी यवतमाळच्या एका नातेवाइकानं तोच मला पाठवला, 'अवश्य वाचा' असं वर लिहून, खाली माझं नाव गळलेलं. मी 'छान' म्हणून उत्तर दिलं. ते का दिलं, हे अजून कळलेलं नाही.

आता घराचं. हे सांगायचं नव्हतं, पण भेगांचा विषय निघाला आहे तर टाळता येत नाही.

१९९६ मध्ये गावाबाहेरच्या बाजूला प्लॉट घेतला, स्वस्तात. स्वस्त कारण जमीन भारी काळी. गवंडी म्हणाला, "गुरुजी, मुरूम लागेस्तोवर खोदा. काळीवर घर ठेवू नका." पाच फुटांवर पैसे संपत आले, मुरूम लागला नव्हता. मी म्हणालो, डब्बराचा दगडी पाया आहे, तेवढा पुरे. जुन्या माणसांनी वस्तीची पांढरी आणि पिकाची काळी अशी वाटणी उगाच केली नव्हती. नावातच पांढर असलेल्या गावात राहून मी घर काळीवर बांधलं.

ती काळी माती म्हणजे हाच बेसाल्ट, झिजलेला. पायरॉक्सिनच्या साखळ्या आणि फेल्स्पारच्या जाळ्या पावसापाण्यानं उसवतात आणि त्यांतूनच मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती तयार होते. तिच्यात विटांच्या चादरी असतात. दोन चादरींमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा एक थर, आणि अशा दोन थप्प्यांच्या फटीत पाणी शिरतं. पावसाळ्यात फट रुंदावते, माती फुगते, घर उचललं जातं. उन्हाळ्यात पाणी जातं, माती बसते, घरही बसतं, पण सगळीकडं सारखं नाही. रुरकीच्या इमारत संशोधन संस्थेनं अशा जमिनीसाठीच खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब विकसित केले आहेत, जे फुगणाऱ्या थराच्या खाली पाय रोवतात. मला ते १९९६ मध्ये माहीत नव्हतं. गवंड्याला माहीत नव्हतं तरी त्याला उत्तर माहीत होतं.

त्या चादरीत विटा सहा-सहाची कडी करून बसलेल्या असतात, पोळ्यासारख्या. अणूतला षटकोन मी शिबल्याच्या खांबात शोधत होतो; तो माझ्या घराच्या पायाखाली होता. आणि तिथंही भेगेचा आकार त्यानं ठरवला नाही. त्यानं फक्त माती फुगवली. बाकी काम ताणानं केलं.

स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग गेली आहे. दोनदा सिमेंटनं बुजवली, दोनदा उघडली. तिसऱ्यांदा बुजवली नाही. शेजारी पेन्सिलीनं तारखा लिहायला लागलो. मे अखेरीस दोन रुपयांचं नाणं तिच्यात उभं सरकतं. पोळ्याच्या सुमाराला, पाऊस जमिनीत मुरल्यावर, तेच नाणं अडकतं. यंदा पोळ्याला पाच बाजूंनी करून पाहिलं. कुठूनच आत गेलं नाही. नाणं खिडकीत ठेवलं आहे.